खिचडीच्या मावशी

आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींना सकाळी रस्त्यात कुणी विचारलं, "कुठं निघाल्या?" तर त्या न थांबता सांगत, "कुठंच न्हाई." विचारणारा तिथेच उभा राही. श्रीगोंदा तालुक्यातल्या त्या वस्तीवर बाई घराबाहेर पडली म्हणजे ती शेताला, दळणाला नाहीतर दवाखान्यात निघालेली असे. काही काम नसताना चालणारी बाई तिथे कुणी पाहिलेली नव्हती.

मी त्या शाळेत सात वर्षं शिकवलं. मावशी माझ्या आधीपासून होत्या. नवरा लवकर गेलेला, घरी मुलगा आणि सून, लेक कर्जतला दिलेली. अंगाने चांगल्याच जाड. चालायला लागण्याआधी मुलगा त्यांना मोटारसायकलवरून फाटकापाशी सोडी आणि तिथून स्वयंपाकखोलीच्या ओट्यापर्यंत येतानाही त्यांना मध्ये एकदा थांबावं लागे. त्यावर कुणी बोललं तर त्या म्हणत, "मी शिजवते तेवढं खात न्हाई बाई, नुसत्या वासानंच वाढते."

वजनाचं त्यांना फारसं वाटत नसे. त्रास होता तो आजारपणाचा. वर्गातल्या एका पोराला सर्दी झाली की आठवड्यात ती मावशींकडे येई आणि तीन आठवडे मुक्काम करी. काखेत, पाठीवर गळवं उठत. एका पावसाळ्यात फोडणीचं तेल उडून हाताला बारीकसा चटका बसला. दुसऱ्या कुणाचा चार दिवसांत सुकला असता. मावशींचा चिघळला, कोपरापर्यंत सूज आली. उपकेंद्रातल्या सिस्टरनी पट्टी बांधली आणि स्पष्ट सांगितलं, "हा हात घेऊन पोरांच्या जेवणाजवळ जायचं नाही."

रक्ताची तपासणी झाली. साखर काठावर निघाली. सिस्टर उपकेंद्राच्या ओसरीवर बसून त्यांना समजावत होत्या तेव्हा मी तिथे होते. "मावशी, अंगातली जास्तीची चरबी नुसती पडून नसते. ती आतल्या आत धुमसत असते. रोगाशी लढणारं शरीर त्या धुमसण्यातच गुंतून पडतं. रोज चाललात तर ते धुमसणं कमी होतं."

मावशींनी जरा विचार केला. "म्हंजे पोलीस घरातल्याच भांडनात अडकल्यावर चोराला कोन धरनार, आसंच ना?"

"तसंच," सिस्टर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या पाटाच्या कडेने चालू लागल्या. पहिले काही दिवस हातात विळा असे, शेताला निघाल्यासारखं दिसावं म्हणून. एकदा वाटेत कुणीतरी गवत कापून मागितलं, तेव्हापासून विळा घरी राहिला. मुलगा म्हणाला, "आई, लोकं हसत्यात." त्या म्हणाल्या, "हसू दे. बसल्या जागी हसायला दम लागत न्हाई त्यांना."

चार महिन्यांनी त्या उपकेंद्रातल्या वजनकाट्यावर उभ्या राहिल्या. काटा जवळपास होता तिथेच. मावशी चिडल्या. "येवढे पाय झिजवले आन् ह्यो मेला हलाया तयार न्हाई."

सिस्टर वहीतून मान न उचलता म्हणाल्या, "शेवटचं गळू कधी झालं होतं?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मला आठवेना. त्यांनाही आठवेना.

पुढे लेकीच्या बाळंतपणासाठी त्या कर्जतला गेल्या. बाळ, बाळंतीण, शेक-शेगडी यांत अडीच महिने चालणं सुटलं. परत आल्या त्या ताप आणि मानेवर मोठं गळू घेऊन. ते ग्रामीण रुग्णालयात नेऊन कापावं लागलं. तेवढ्या दिवसांसाठी शाळेत दुसरी बाई लावली होती. तीच कायम ठेवावी, असं शाळा समितीच्या बैठकीत निघालं. अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "मावशीच्या कामाला नाव ठिवाया जागा न्हाई. पन पोरांच्या जेवनाचा प्रश्न हाय. ह्या सारख्याच आजारी पडत्यात." मग त्यांनी मला विचारलं, "बाई, तुमचं काय म्हननं?"

मी म्हणाले, सगळ्यांना योग्य वाटेल ते करा. हे वाक्य मला नंतर बऱ्याच वेळा आठवलं आहे.

मावशी दाराशी उभ्या होत्या. मानेला पट्टी, चेहरा उतरलेला. म्हणाल्या, "आजारी पडले, कारन बसून ऱ्हायले. चालत हुते तवा एक तरी खाडा हाय का, हजेरीत बघा. जखम भरंपत्तूर मी सैपाकखोलीत पाय ठेवनार न्हाई. भरल्यावर मातर मला माझी चूल पायजे."

हजेरी काढली. त्या महिन्यांत खरंच एकही खाडा नव्हता. दुसऱ्या बाईचा विषय तिथेच संपला. जखम भरली, सिस्टरनी लिहून दिलं आणि मावशी पुन्हा ओट्यापाशी उभ्या राहिल्या. त्या हिवाळ्यात वस्तीवर घरोघर ताप होता. तो मावशींनाही आला. फरक इतकाच, की चौथ्या दिवशी उतरला. एव्हाना सकाळचं चालणं पुन्हा सुरू झालं होतं आणि त्यांच्याबरोबर सूनही असे, मग शेजारच्या दोघी आल्या. वजन शेवटपर्यंत फारसं उतरलं नाही. त्यांनी काट्यावर उभं राहणंच सोडून दिलं.

माझी बदली झाली त्या दिवशी मावशी मला एसटीच्या थांब्यापर्यंत पोचवायला आल्या. मुलगा मोटारसायकल घेऊन उभा होता, त्याला त्यांनी परत धाडलं. उसाच्या दोन फडांमधून दीडेक किलोमीटरची वाट. माझी पिशवी त्यांच्याच हातात होती, तरी मी मागे पडत होते. अर्ध्या वाटेत मला थांबावंच लागलं. त्या पुढे जाऊन माझ्यासाठी उभ्या राहिल्या. त्यांचा श्वास सरळ चालला होता.

"बाई, एक बोलू का?"

"बोला ना."

"औंदा तुमी सर्दी-तापानं चारदा रजा टाकली. आल्या तवा अशा नव्हत्या तुमी. अंगानं बी लई सुटल्या." मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "मला सांगायला सिस्टर हुत्या. तुमाला तिकडं कोन सांगनार, म्हनून बोलले."

मला त्या बैठकीतलं माझं वाक्य आठवलं. त्याबद्दल माफी मागावी असं मनात आलं. त्यांनी मात्र पिशवी दुसऱ्या हातात घेतली, मोकळा हात माझ्या दंडाला धरला आणि म्हणाल्या, "चला. हळू चालू, पन थांबू नगा."