अकरा मिनिटांत सुटलेलं कोडं

शब्दकोडी सोडवणारी माणसं हुशार असतात, हा समज शब्दकोडी सोडवणाऱ्यांनीच पसरवलेला आहे. मी नऊ वर्षं त्यांच्यात बसले आहे, तेव्हा मला अधिकाराने सांगता येतं. दर रविवारी सकाळी नऊ वाजता पिंप्राळ्यातल्या एका कोचिंग क्लासच्या खोलीत आम्ही पाच जण जमायचो. बाक नववी-दहावीच्या पोरांच्या मापाचे, त्यात आमचे गुडघे मावायचे नाहीत. आणि आपली अक्कल या खोलीत मावत नाही, असा प्रत्येकाचा थाट. काम एवढंच, की आठवड्याला एक शब्दकोडं तयार करायचं आणि धुळ्याच्या एका साप्ताहिकाकडे पाठवायचं. ते लोक ते शेवटच्या पानावर बोअरवेलच्या जाहिरातीखाली छापायचे, कधी चौकटीतली काळी घरं पांढरी करून, तर कधी उभे शब्द आडव्यांच्या यादीत घालून. खाली नाव मंडळाचं असायचं, माणसाचं नाही. ते बरं होतं, नाहीतर पहिल्याच महिन्यात डोकी फुटली असती.

मंडळी कोण, तेही सांगते. क्लासचे मालक ते सर. खोली त्यांची, म्हणून फळा आणि मार्करही त्यांचाच. उत्तर कुणीही दिलं तरी सर ते फळ्यावर असं लिहायचे, की जणू ते त्यांनाच सुचलं होतं आणि केवळ सभ्यपणा म्हणून ते थांबले होते. दुसरे डॉक्टर, होमिओपॅथीचे. अडलं की त्यांना फोन यायचा. बाहेर जिन्यात जाऊन दोन मिनिटांनी परत आले, की उत्तर तोंडावर तयार. मोबाईलमध्ये शब्दकोश असतो हे आम्हाला माहीत नाही, असं ते बिचारे शेवटपर्यंत समजत राहिले. तिसरे पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर. हे पेनने कोडं भरायचे, कारण पेन्सिल भित्र्यांसाठी असते. त्यांच्या कागदावर एकेका घरात तीन-तीन अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढलेली असायची. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, पण या माणसाकडे नुसता खळखळाटच होता, पाणी मी कधी पाहिलं नाही.

चौथी मी. सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर जन्म गेला, म्हणून मंडळाची फाईल माझ्याकडे आली. प्रत्येक कोड्याला नंबर, तारीख, सोडवायला लागलेला वेळ, छापून आलं की कात्रण. सगळे मला अक्का म्हणायचे आणि चहा मीच ओतावा अशी सगळ्यांची अपेक्षा असायची. मी एकदाही ओतला नाही.

पाचवे आबा. चाळीसगावहून सकाळच्या गाडीने यायचे, स्टेशनवरून रिक्षा करून. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेले, मला अक्का न म्हणता ताई म्हणणारे. घरी अहिराणी बोलायचे, पण आमच्यासमोर वर्गातली मराठी, इस्त्री केलेली. कोडं रचणं म्हणजे काय, हे आमच्यात त्यांनाच कळत होतं. आम्ही सगळे डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातून मोठ्या तोऱ्यात सुरुवात करायचो आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात येऊन फसायचो. मग तिथे कुठल्यातरी पौराणिक राक्षसाचं नाव नाहीतर कधी कुणी न खाल्लेल्या कंदाचं नाव कोंबून द्यायचो. आबा शेवटच्या कोपऱ्यापासून सुरुवात करायचे. शब्द ओळखायला दिलेली त्यांची सूत्रं दोन-तीन शब्दांची. आमचं कोडं सुटलं की नुसतं सुटायचं, आबांचं सुटलं की आपल्याला काहीतरी येतं असं वाटायचं. मी त्यांचा मत्सर करत होते. हे मी तेव्हा कबूल केलं नसतं.

आमची एक रीत होती. कोडं धुळ्याला पाठवायच्या आधी इतरांनी ते फळ्यावर सोडवायचं. ज्याने रचलं तो त्या दिवशीचा मौनी. त्याने खिडकीशी बसायचं आणि शेवटचं घर भरेपर्यंत तोंड उघडायचं नाही. हसायचं नाही, मान हलवायची नाही. सर मोबाईलवर वेळ लावायचे. पंधरा मिनिटांच्या आत सुटलं तर कोडं फार सोपं, पाऊण तासाच्या वर गेलं तर फार अवघड. इंजिनिअर मौनी असले की त्यांच्या कपाळावरची शीर ताडताड उडायची, आणि तो रविवार मला फार आवडायचा. आबा मात्र हात मांडीवर ठेवून बाहेरच्या स्कूटरी बघत बसायचे.

मग एका वर्षी दिवाळीच्या सुमारास आबांच्या मुलाचा मला फोन आला. म्हणाला, "अक्का, आबांचं थोडं विसरणं वाढलंय. गॅसवर दूध ठेवतात आणि अंगणात जाऊन बसतात. एकट्याने गाडीने पाठवायची आता भीती वाटते. पण रविवार बंद केला तर ते खचतील. तुमच्याकडे काही गडबड दिसली तर मला सांगा, मग मात्र मी त्यांना पाठवणार नाही." मी म्हटलं, इथे सगळं ठणठणीत आहे. आणि तेव्हा ते खरंच होतं. म्हणजे आबांचा रविवार आमच्या त्या खोलीत ते कसे वागतात यावर टांगलेला होता आणि हे फक्त मला ठाऊक होतं.

मग तो रविवार आला. मौनी आबा. त्यांनी चौकटीच्या वहीतला कागद सरांकडे दिला आणि खिडकीशी जाऊन बसले. सरांनी चौकट फळ्यावर काढली, सूत्रं वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या सूत्राला माझ्या हातातली पेन्सिल थांबली. हे कोडं मी ओळखत होते. चौदा महिन्यांपूर्वी आबांनी हेच दिलं होतं, घर न घर, सूत्र न सूत्र. मी स्वतः त्याची स्वच्छ प्रत केली होती आणि ते छापूनही आलं होतं. आबांनी ते पुन्हा नव्याने रचलं होतं, आणि आपण ते पूर्वी रचलंय याची त्यांना जाणीवच नव्हती.

हे झालं आबांचं. आता बाकीच्यांचं ऐका. ते तिघे सोडवत होते. पटापटा, चढाओढीने. शेतकऱ्याच्या पेरणीच्या अवजाराचं सूत्र आलं, सरांनी 'तिफण' लिहिलं, आणि इंजिनिअर म्हणाले, "हे शब्द आता कोण वापरतं? आजकाल ट्रॅक्टर असतो." चौदा महिन्यांपूर्वी याच शब्दावर, याच बाकावर बसून ते हेच बोलले होते. डॉक्टरांनी त्यावर, "इंजिनिअरसाहेब, पाटाच्या पुढे जरा शेतही असतं," म्हणून जो विनोद केला, तोही तोच. आणि दोघे त्याला तितकेच मनापासून हसले. आपण हे हसू एकदा हसून झालंय, हे दोघांपैकी एकालाही आठवलं नाही. या लोकांची स्मरणशक्ती! यांना समुद्राचे अकरा प्रतिशब्द पाठ, आणि गेल्या वर्षीचा स्वतःचा विनोद पाठ नाही.

मी काय करायचं ते ठरवलं होतं. गप्प बसायचं. कोडं पाठवण्याचं काम माझंच. आबांचं बाजूला ठेवून त्या जागी माझं एखादं पाठवलं असतं तर खाली मंडळाचंच नाव आलं असतं, कुणाला पत्ता लागला नसता. आबांना नंतर कधीतरी हळूच सांगितलं असतं, किंवा सांगितलंही नसतं. इतकं सोपं होतं ते.

एकच घर उरलं होतं तेव्हा सरांनी मोबाईल वर धरला. "अकरा मिनिटं! आबांचं कोडं, अकरा मिनिटं!" डॉक्टर म्हणाले, आपली पातळी वाढली आहे. सर म्हणाले, आपण आता राज्य पातळीवरच्या स्पर्धेचा विचार करायला हवा. इंजिनिअरांनी खिडकीकडे बघून म्हटलं, "आबा, जरा दमाने घ्या आता, तुमची सूत्रं सैल पडायला लागली." मग माझ्याकडे वळून, माझा अर्धाकोरा कागद बघून, "काय अक्का? आज पेन्सिल चालेना? होतं असं, वय झालं की."

मला राग लवकर येतो. तो माझ्या आईलाही यायचा, पण ती रागात भांडी आपटायची आणि भांड्यांना काही होत नसे. मी फाईल उघडली, कात्रण काढलं आणि आबांच्या कागदाशेजारी बाकावर ठेवलं. म्हटलं, "महापंडितांनो, हे बघा. हेच कोडं तुम्ही मागच्या वर्षी सोडवलंय. तेव्हा अडतीस मिनिटं लागली होती. तिफणीवर तुमचं हेच भांडण झालं होतं. तीन जणांत मिळून एकाला आठवू नये?"

मला त्यांची तोंडं बघायची होती. एवढंच हवं होतं, खरं सांगते. त्या अर्ध्या मिनिटात आबा माझ्या डोक्यात नव्हतेच.

तोंडं पडली, पण दोन श्वासांपुरती. मग सर म्हणाले, "तरीच! आतून आठवत होतं, म्हणून लवकर सुटलं." म्हणजे विसरले यातही त्यांचीच हुशारी. आणि तिघेही खिडकीकडे वळले. इंजिनिअर म्हणाले, "आबा, शिळ्या कढीला ऊत आणलात की!" डॉक्टर हसले, सरही हसले. चार माणसं एकच गोष्ट विसरली होती, आणि त्यातल्या तिघांनी मिळून ठरवलं की विसरभोळा चौथा आहे.

आबा काही बोलले नाहीत. शेवटचं घर अजून रिकामं होतं, आणि रीत त्यांनी पाळली. उठून आले, दोन्ही कागद डोळ्यांजवळ धरले, एकदा याच्यावर बोट, एकदा त्याच्यावर. सगळी चौकट अशी बोटाने पाहिली. मग दोन्ही कागद एकमेकांवर नीट ठेवून माझ्याकडे दिले. मी सरांच्या हातातून मार्कर घेतला आणि फळ्यावरचं ते एक घर भरून टाकलं, निदान त्यांना बोलता यावं म्हणून. आबा म्हणाले, "तारखा बरोबर आहेत ना, ताई? तुमच्या फाईलमध्ये चूक नसते." आणि टोपी घालून निघाले. मी रिक्षापर्यंत त्यांच्यामागे गेले.

दुपारी डॉक्टरांनी दोन्ही कागदांचा फोटो मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, खाली हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे. तो फोटो त्यांनी कधी काढला ते मला कळलंच नाही. आबांचा साधा फोन, त्यामुळे ग्रुपमध्ये त्यांच्या मुलाचा नंबर होता. संध्याकाळी मुलाचा मला मेसेज आला. भांडण नाही, काही नाही. "अक्का, पुढच्या रविवारपासून आबा येणार नाहीत. आजवर सांभाळलंत त्याबद्दल आभारी आहे." तो 'सांभाळलंत' शब्द मी किती वेळा वाचला कोण जाणे. त्याने तो मनापासून लिहिला होता, म्हणूनच तो वाचवत नव्हता.

मंडळ चालू राहिलं. ते कशाने बंद पडणार? पुढच्या रविवारी इंजिनिअर मौनी होते आणि त्यांच्या उजव्या कोपऱ्यात एक राक्षस होता. आबांची जागा रिकामी आहे असं कुणी म्हणालं नाही. डॉक्टरांनी तिथे हेल्मेट ठेवलं. मी त्यांना त्या फोटोबद्दल बोलले, तेव्हा ते म्हणाले, "अक्का, दाखवलं तर तुम्हीच." इतक्या वर्षांत त्या माणसाने शब्दकोश न बघता दिलेलं ते एकमेव बरोबर उत्तर.

चौथ्या रविवारी मी पिंप्राळ्याला गेले नाही, चाळीसगावला गेले. आदल्या दिवशी दुपारभर बसून एक कोडं रचलं होतं, शेवटच्या कोपऱ्यापासून, आबांच्या पद्धतीने. आबांच्या सुनेने दार उघडलं. हळू आवाजात म्हणाली, "या अक्का. बठ्ठा दिन खोलीमा बसी ऱ्हातस, बोलतस नही." आबा कॉटवर बसले होते, शर्ट पांढरा, दाढी केलेली. मला बघून त्यांना आनंद झाला, तो लपला नाही. मी माफी मागायला सुरुवात केली, तर त्यांनी हातानेच थांबवलं. मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावला, पेन्सिलला टोक केलं.

पहिलं सूत्र वाचलं. उत्तर त्यांना आलं होतं; ओठ हलले ते मी पाहिलं. पेन्सिल घरापर्यंत गेली आणि थांबली. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. इस्त्रीची मराठी कुठेतरी राहून गेली होती. "ताई, हाई मी पहिलेच करेल शे का?"

मी म्हटलं, नाही आबा, हे तुम्ही आधी केलेलं नाही, कालच रचलंय. "बरं," म्हणाले आणि शब्द भरला. दुसरं सूत्र वाचलं, पेन्सिल थांबली, आणि त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मग तिसऱ्याला, मग चौथ्याला. सव्वीस शब्द होते. सगळे बरोबर आले, एकही खोडावा लागला नाही, आणि सव्वीसही वेळा त्यांनी लिहिण्याआधी माझी परवानगी घेतली.