बिनआडनावाची सून आणि तिचं पॅनकार्ड

आमच्या सुनेला आडनाव नाही.

हरवलं नाही, चोरीला गेलं नाही, माहेरी विसरून आली असंही नाही. मुळातच नाही! ती इंडोनेशियातल्या जावा बेटावरची. तिकडे पुष्कळ लोकांचं नाव म्हणजे एकच शब्द असतो म्हणे. लेस्तारी. संपलं! आमचा प्रशांत तिकडच्या सूतगिरणीत मशिनी सांभाळायला गेला होता अन् ही तिथेच कापूस तपासायची. तिथेच दोघांनी लग्नाची नोंदणी केली, काही वर्षं संसार केला, अन् मग कायमचं राहायला घाटंजीला आले.

आल्या आल्या मी तिला पाणी दिलं अन् विचारलं, "पूर्ण नाव काय वं बाई तुह्यं?"

"लेस्तारी."

"ते समजलं. पूर्ण?"

"पूर्णच हाये, आई."

(मराठी तिला प्रशांतनं शिकवली. त्यामुळे ती पुस्तकातली मराठी बोलत नाही, थेट आमच्या आठवडी बाजारातली बोलते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमचे हे खुर्चीतून उठून उभे राहिले होते!)

"बरं, बापाचं नाव?"

"वागिमान."

"वागिमान काय?"

"वागिमानच."

"अन् आजा?"

"पार्तो."

मी बोटांवर मोजलं. तीन पिढ्या अन् शब्द तीन! आमच्याकडे तेवढ्यात एकच माणूस होतो. खरं सांगते, मला तिचा धाकच वाटला. एवढी समुद्रापलीकडून आलेली बाई, अन् नावाला कोणाचा टेकू नाही. ना बापाचा, ना नवऱ्याचा, ना खानदानाचा. शेजारच्या विमलबाई तर रोज काही ना काही मागायच्या निमित्ताने येऊन तिला पाहून जायच्या.

"आडनाव नाही तं जात कशी वळखतात जी तिकडे?"

"नसंन वळखत," मी म्हटलं.

"अगं माय!" विमलबाई म्हणाल्या, अन् विरजणाची वाटी आमच्याच ओट्यावर विसरून गेल्या.

आता खरी गोष्ट. यवतमाळकडच्या एका सूतगिरणीने लेस्तारीला कापूस तपासायच्या कामावर घ्यायचं कबूल केलं. भारतात राहायचा, काम करायचा परवाना तिच्याकडे होता. नव्हतं ते फक्त पॅनकार्ड. कापसाचा हंगाम सुरू व्हायच्या आत पॅन आणा, नाहीतर आम्ही दुसरा माणूस पाहतो, असं गिरणीच्या साहेबांनी स्वच्छ सांगितलं.

"आई," प्रशांत मला बाजूला घेऊन म्हणाला, "ते काई घरात रिकामी बसणारी बाई नाही. इथं काम नाही भेटलं तं आमी वापस जाऊ. तिकडची गिरणी अजून बोलावून राह्यली."

किती वर्षांनी पोरगा घरी आला होता. सकाळी अंगणात त्याच्या चपला दिसल्या तरी मला बरं वाटायचं. अन् एका कार्डापायी तो पुन्हा समुद्रापार?

"हट! पॅनच पाह्यजे न? मी भरतो फॉर्म!" असं मी गरजले. (जोशात आले की मी पुरुषासारखी बोलते. ह्यांना सवय आहे.) अहो, मी जन्मभर अंगणवाडीत नोकरी केली. आमच्या गल्लीत माणूस जन्मला तरी फॉर्म मी भरते अन् गेला तरी मीच भरते. मधले सगळे फॉर्मही माझ्याच हातचे. पॅन म्हणजे काय मोठं!

पण त्याआधी लग्न राहिलं होतं. तिकडची नोंदणी नातेवाइकांनी कुठे पाहिली? म्हणून इथे चार लोकांत पुन्हा लग्न लावलं, अन् रिवाजाप्रमाणे ताटात तांदूळ पसरून प्रशांतच्या हातात अंगठी दिली.

"लिही, कावेरी," मी म्हटलं.

"कायले आई? तिचं नाव चांगलं हाये न."

"लिही म्हणते न! नाव बदलल्याबिगर लग्न असते का कुठं?"

प्रशांतनं तांदळात लिहिलं. लेस्तारी वाकून बघत होती. "हे मी हाये?" तिनं विचारलं. मी मान हलवली. तिनं कौतुकाने त्या ताटाचा फोटो काढला, अन् दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाची खिचडी झाली.

मग मी ऐटीत फॉर्म भरला. नाव, कावेरी. मधलं नाव, प्रशांत. आडनाव, आमचं गुल्हाने. एकही रकाना रिकामा नाही! वडिलांच्या नावापाशी जरा अडले. पण लग्न झालं म्हणजे सासराच बाप, असा विचार करून तिथे ह्यांचं नाव टाकलं. फोटोसाठी तिला नऊवारी नेसवली, नथ घातली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलं. बसस्टँडजवळ गजूचं सेवा केंद्र आहे. त्याच्याकडे सगळं नेऊन दिलं. गजू पोरगा चांगला, फक्त मला भितो. त्यानं फोटोकडे पाहिलं, पासपोर्टकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं अन् मुकाट्याने फॉर्म पाठवून दिला.

काही दिवसांनी त्याचा फोन आला.

"मावशी, फॉर्म वापस आला जी."

"काहून?"

"ते म्हणतात, कावेरी गुल्हाने नावाची बाई जोडलेल्या कागदात कुठंच नाही. अन् फॉर्म बी चुकला. आपण देशी माणसाचा भरला, परदेशी माणसाचा वेगळा राह्यते."

"मंग आधी काहून नाही बोलला?"

"तुमाले कोण सांगन जी!"

घरात मी जाहीर केलं की चूक गजूची होती. दुसरा फॉर्म आणला, परदेशी माणसाचा. या वेळी मी अक्कल लावली. पहिलं नाव लेस्तारी, पासपोर्टात आहे तसं. आडनाव गुल्हाने, कारण ते तर पाहिजेच. अन् वडिलांच्या जागी, आता नियमाने, वागिमान. पण तिथेही आडनावाचा रकाना! तो रिकामा माझ्याकडे टकामका पाहत होता. अंगणवाडीच्या उभ्या नोकरीत मी रकाना रिकामा सोडला नव्हता. मी तिथेही लिहिलं, गुल्हाने.

वागिमान गुल्हाने! बिचाऱ्या जावातल्या म्हाताऱ्याला पत्ताही नव्हता, अन् मी त्याला घरबसल्या आमच्या भाऊबंदकीत घेऊन टाकलं.

या वेळी आमच्या ह्यांनी फॉर्म चष्मा लावून वाचला. हे दिवसातून मोजकं बोलतात, पण नेम चुकत नाही. "सुनेचा बाप गुल्हाने, पोराचा बाप गुल्हाने," हे म्हणाले. "बहीण-भावाचं लग्न लावून देल्लं वं तू."

"तुमाले काय समजते फॉर्मातलं!" मी म्हटलं, अन् दिला पाठवून.

तोही वापस आला. पासपोर्टात गुल्हाने कुठंच नव्हतं.

बाहेर शेतात बोंडं फुटू लागली होती. गिरणीतून प्रशांतला दोनदा विचारणा झाली. एका दुपारी मागच्या दाराशी बसून लेस्तारी तिच्या आईशी फोनवर बोलत होती. भाषा मला काय कळणार? पण पोरीचा आवाज भरून आला की तो कोणत्याही भाषेत कळतो. मी भाजी निवडत होते. मेथी कुठली अन् काड्या कुठल्या, काही दिसेना. वाटलं, गेली ही. अन् हिच्यामागे माझा प्रशांतही गेला. अन् घालवलं कोणी? मी! माझ्या सुंदर अक्षराने!

मी तशीच उठले, तिचा हात धरला अन् गजूचं केंद्र गाठलं. प्रशांतही मागून आला.

"गजू, हिले आडनाव कुठं बनवून भेटन ते सांग. वकील करू, पेपरात जाहिरात देऊ, काय लागन ते करू!"

"मावशी, थांबा न जरा," गजू म्हणाला. त्यानं हिंमत करून माझ्यासमोर पॅनवाल्यांच्या मदतकेंद्राला फोन लावला. त्याचं काही हां, काही जी, काही अच्छा चाललं. फोन ठेवून तो म्हणाला, "आडनाव नाही लागत. ज्याचं नाव एकच, त्यानं ते आडनावाच्या खान्यात लिहाचं. पहिला अन् मधला खाना रिकामा सोडाचा. बापाचंही तसंच. अन् हे सूचनांमध्ये लिहून हाये म्हणे."

"कोणत्या सूचना?"

गजूनं फॉर्मसोबतचा कागद दाखवला. बारीक अक्षरात खरंच लिहिलं होतं! जन्मभर फॉर्म भरले, पण सूचना कशाला वाचू? त्या ज्याला येत नाही त्याच्यासाठी असतात.

पण मी थक्क झाले ते वेगळ्याच गोष्टीने. दिल्लीत की कुठे बसलेल्या कोण्या माणसाने आधीच विचार करून ठेवला होता की जगात एकाच नावाची माणसं असतात, अन् तीही पूर्ण असतात. अन् ज्या मला लेस्तारी रोज समोर बसून सांगत होती, त्या मला ते कळलं नव्हतं!

"पण दोन खाने रिकामे..." मी तरी कुरकुरले.

लेस्तारीनं माझ्या हातातला पेन हळूच काढून घेतला. "मी एकटीच हाये न, आई," ती म्हणाली, "एका खान्यात मावते."

अन् तिनं एका रकान्यात तिचं नाव लिहिलं, खाली एका रकान्यात बापाचं. बाजूचे रकाने पांढरेशुभ्र. मला तो कागद इतका सुंदर दिसला की काय सांगू! पासपोर्टातल्यासारखा साधा फोटो चिकटवला, ना नथ, ना कुंकू. गजूनं पाठवला.

अन् आलं! आधी प्रशांतच्या मोबाइलवर, मग पोस्टानं चकचकीत कार्ड. त्यावर नाव, लेस्तारी. बस्स. विमलबाई कार्ड उलटंपालटं करून पाहत म्हणाल्या, "एवढुसंच? पण कसं दमदार दिसते न जी!" पहिल्या कापसाच्या गाड्या गिरणीत लागल्या तेव्हा लेस्तारी फाटकाशी हजर होती. प्रशांतनं परत जायचं नावही काढलं नाही. मी त्या दिवशी गल्लीभर पेढे वाटले. फॉर्म कसा भरायचा हेही सगळ्यांना वाटत सुटले.

त्याच तोऱ्यात गजूकडे गेले. "आता माह्या पॅनचा नंबर टाकून दाखव या पोट्ट्याले," मी रांगेतल्या एका पोराकडे बोट दाखवून म्हटलं, "जुनं पॅन कसं राह्यते ते समजू दे त्याले."

गजूनं नंबर टाकला. पुन्हा टाकला. मग खाली मान घालून म्हणाला, "मावशी, सुनेचं चालू हाये. तुमचं बंद पडलं जी. आधारशी जुळूनच नाही राह्यलं."

कसं जुळेल? पॅन काढलं होतं शाळेच्या दाखल्यावरून, त्यावर मी माहेरची पुष्पा. आधारवर मी सासरच्या तांदळातली शालिनी. अन् बँकेच्या पासबुकात, कोणी टाकलं देव जाणे, बेबीबाई! तीन कागद, तीन बाया, अन् तिघींपैकी एकही मी आहे असं सरकार मानायला तयार नाही.

आता सुट्टीच्या दिवशी लेस्तारी माझा फॉर्म भरायला बसली आहे. आधी तिनं सूचना वाचल्या, शेवटच्या ओळीपर्यंत. मग पेन उघडून विचारलं, "आई, तुमचं नाव काय हाये?"

मी बाहेर ओट्यावर बसलेल्या ह्यांना हाक मारली, "अहो, माह्यं नाव काय हाये जी?"

हे ओट्यावरूनच म्हणाले, "मले काय माहीत? मी तं जन्मभर 'अवं' म्हणतो!"