विषुवदिनी सासूबाई

विश्व सुरळीत चालवण्याचं काम एखाद्या माणसावर सोपवायचं झालं, तर ते माझ्या साडूंवर सोपवावं. मात्र त्याच माणसाला कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला सांगू नये, कारण कुठल्या आठवड्यात कुठल्या रंगाचा डबा, हे त्यांना आजवर जमलेलं नाही. अप्पर हटमधल्या औषधांच्या दुकानात ते दिवसभर गोळ्या देतात आणि उरलेला वेळ प्राचीन ग्रीकांत घालवतात. पृथ्वी कशावरही टेकलेली नाही, सगळ्यांपासून सारखीच लांब असल्यामुळे तिला कुठल्या बाजूला पडायला कारणच नाही, असं एक ग्रीक म्हणून गेला म्हणे. त्यामुळे आमच्या बायकांचं, म्हणजे दोघी बहिणींचं, जुंपलं की साडू बरोबर मध्यावर खुर्ची ओढून बसतात. "अहो, एकीची तरी बाजू घ्या!" मेव्हणी ओरडते. "कारण सापडत नाहीये गं," ते शांतपणे म्हणतात.

सासूबाई पुण्याहून कायमच्या इकडे परदेशी आल्या, तेव्हा वाटणीही साडूंनीच ठरवली. दिवस-रात्र सारखे होतील त्या दिवशी आईंनी घर बदलायचं. मार्चमध्ये साडूंचं अप्पर हट, सप्टेंबरात आमचं जॉन्सनव्हिल. मी 'स्वीट ॲज', म्हणजे इकडच्या बोलीत 'झकास', म्हणून मोकळा झालो. सप्टेंबर आला आणि मी खोलीच्या रंगाची सबब काढली. मग कार्पेट, मग माझी पाठ. आज सांगून टाकतो, बायकोलाही हे बोललो नव्हतो: मला आई नको होत्या. ऑफिसातून आल्यावर कुणाशी बोलावं लागू नये, एवढ्यासाठी. "भावोजी, खोली रंगवताय की लेणी कोरताय?" मेव्हणी फोनवर विचारायची. साडू मात्र हवेबद्दल बोलायचे. उन्हाळा हिवाळ्याची जागा बळकावतो आणि काळ ती त्याच्याकडून परत घेतो, हेही ग्रीकांचंच. त्यात टोमणा नसायचा, म्हणून तर माझी मान वर होत नसे.

पुन्हा मार्च आला, तसा मी न कळवताच अप्पर हटला गेलो. टेकड्यांवर संध्याकाळ उतरत होती. साडू आणि आई मागच्या अंगणात डोळे मिटून बसले होते. ग्रह फिरताना गातात, पण जन्मापासून कानावर पडत असल्याने ते गाणं आपल्याला ऐकू येत नाही, हे साडूंनी आईंना पटवलं होतं. व्यत्यय नको म्हणून फ्रीजसुद्धा बंद केला होता. आईंनी तर कानातलं यंत्रच काढून ठेवलं होतं.

"येतंय का हो, आई?" साडू मोठ्यांदा म्हणाले.

"येतंय की. तानपुरे लावतायत अजून."

मी जवळ गेलो. "आईंना न्यायला आलोय. खोली केव्हाच तयार होती."

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. "सप्टेंबरचं आज देताय? चालेल," म्हणाले आणि बॅग भरायला आत गेले. आईंची शाल त्यांनी घडी केली, उलगडली, परत घडी केली. गाडीचं दार लावून ते जँडल्समध्येच, घरातल्या रबरी चपलांवरच, फाटकापाशी उभे राहिले. वळणावर आरशात पाहिलं तरी तिथेच होते.

नदीच्या कडेने रेडिओ ऐकत निघालो. पुढे बंदराचं पाणी जांभळं दिसू लागलं, तेव्हा आई म्हणाल्या, "संध्याकाळचे ऐकायला एकटे पडतील हो ते."

"हो," मी म्हणालो. मग जरा मोठ्याने, "त्यांना रविवारी बोलावू या आपल्याकडे."

आईंनी काच थोडी खाली करून आभाळाकडे कान लावला, आणि मी रेडिओ बंद केला.