काचेपलीकडची गायिका

आमचे मामा सिनेमावर बोलायला लागले की समोरच्याची सुटका नसते. तुमच्या हातात भाजीच्या पिशव्या असोत नाहीतर दाढ ठणकत असो, ते भर रस्त्यात अडवून कालच्या सिनेमाचा निकाल लावणार. मामी म्हणते, "मला बघायला आले तेव्हा यांनी आवडता सिनेमा आधी विचारला आणि नाव नंतर."

मामांची सगळी नोकरी कापडगिरणीत, मागांवर झाली. माग सुरू झाले की कानाशी येऊन कुणी ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलतात आणि समोरच्याचे ओठ बघून समजून घेतात. मुलींची लग्नं जुळवण्यापासून मुकादमाची टिंगल करण्यापर्यंत सगळं तसंच चालायचं. मामा घरीही कधीकधी तसेच बोलत. मग मामी म्हणे, "अहो, आवाज गिरणीत विसरून आलात का?"

निवृत्तीनंतर मामांना वाचनालयाची वरची खोली सापडली. तिथे रविवारी दुपारी खिडक्यांना काळे पडदे लावून सिनेमा दाखवतात आणि संपल्यावर कुणीतरी त्यावर बोलतं. हळूहळू ते बोलणं मामांकडेच आलं. सिनेमा राहू दे, पण मामांचं ऐकायला जाऊ या, असं म्हणणारी माणसं मी स्वतः पाहिली आहेत.

पण गिरणीनं मामांचे कान खाल्ले होते. हे एकदा त्यांच्या पाठीमागून बोलताना मला कळलं. त्यांनी माझा हात धरून विनवलं, "मामीलाही सांगू नकोस. बहिऱ्याचं सिनेमावरचं बोलणं कोण ऐकेल? रविवार गेला तर माझ्याकडे राहिलं काय?" ओठ बघून त्यांनी एवढी वर्षं निभावून नेलं होतं.

मग एका रविवारी त्यांचा सगळ्यांत लाडका माहितीपट होता. एक म्हातारी गायिका जुन्या साथीदारांना जमवून शेवटचं रेकॉर्डिंग करते, एवढीच त्याची गोष्ट. कान शाबूत होते तेव्हापासून मामांनी तो इतक्यांदा पाहिला होता की गाण्यातल्या श्वासांच्या जागाही त्यांना पाठ होत्या.

ऐन मुख्य गाण्याच्या वेळी स्पीकर बंद पडला. पडद्यावर गायिका तोंड उघडून गातेय आणि खोलीत नुसती कुजबुज. मशीनवाला वायरी उपटून परत खोचत बसला, पण सिनेमा थांबवायचं काही त्याला सुचलं नाही. मामा पहिल्या रांगेत गुडघ्यावर ठेका धरून डोलत होते. मी मागे दाराशी अडकले होते. गाणं संपता संपता आवाज आला.

सिनेमा संपला आणि मामा खुलून उभे राहिले. "आज त्या गाण्यात काय आवाज लागला होता तिचा! इतक्यांदा ऐकलं, पण आजच्यासारखं नाही."

कुणीतरी फिसकन हसलं. औषधाच्या दुकानाचे मालक म्हणाले, "अहो, ते गाणं तर मुकंच गेलं की!"

मामांनी त्यांचे ओठ वाचले. मामांचा चेहरा एवढासा झाला आणि ते खुर्चीची पाठ धरून राहिले.

"खरं आहे," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही. बरीच वर्षं झाली. आता मूठ उघडलीच आहे, तर सगळंच सांगतो. त्या गाण्याआधी ती स्टुडिओच्या काचेपलीकडे ड्रमवाल्याशी काहीतरी बोलते, आठवतं? आपल्याला आवाज येत नाही, वाटतं असतील काहीतरी गप्पा. ती म्हणते, 'तुझं वाजवणं मला आता ऐकू येत नाही रे. तू मान हलव, मी तिथून उचलते.' आणि मग ती तसं गाते. तिनं लपवलं होतं, म्हणून मीही कुणाला बोललो नाही. पण ती थांबली नाही, एवढ्यासाठी हा सिनेमा मला आवडतो."

कुणी हसलं नाही. मला रडू आलं आणि मामांचा फार अभिमान वाटला.

वाचनालयाच्या बाई उठून त्यांच्यासमोर गेल्या आणि जबडा फाकून ओरडल्या, "गाणं परत लावू या! आणि पुढच्या रविवारीही तुम्हीच बोलायचं!"

"बाई, ओरडू नका," मामा म्हणाले. "तोंड माझ्याकडे ठेवलंत तरी पुरे." तेव्हा कुठे सगळे मोकळेपणी हसले.

मशीनवाल्यानं सिनेमा मागे नेला. मामांनी मला हाक मारून शेजारी बसवलं. काचेपलीकडे म्हातारी काहीतरी बोलली, ड्रमवाल्यानं मान हलवली आणि तिनं तोंड उघडलं.

मामा माझ्याकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं त्यांनी विचारलं, "आवाज येतोय ना गं?"

मी मान हलवली. मग त्यांनी गुडघ्यावर ठेका धरला.