स्पेससूट शिवणाऱ्या आजी

चांद्रमोहिमेत काम केलेल्या एक अमेरिकन आजी बोलायला येणार म्हटल्यावर अमेरिकेत पिस्कॅटवे गावातल्या आमच्या मराठी मंडळाचा हॉल खचाखच भरला. मुलांच्या ॲडमिशनसाठी एखादी ओळख निघेल, हा सगळ्यांचा उदात्त हेतू. माझाही तोच.

आजी म्हणाल्या, "मी शिवणकाम करायचे. आधी ब्रा शिवायचे, मग चंद्रावर जाणाऱ्यांचे स्पेससूट."

हॉलचा चेहराच पडला. पहिल्या रांगेतले पीएचडीवाले काका फोनमध्ये घुसले ते घुसलेच. आत विसरलेली एक टाचणीसुद्धा माणसाचा जीव घेऊ शकली असती, हे आजी सांगत होत्या, तेव्हा मागे समोशांची चौकशी चालली होती.

प्रश्न विचारा म्हटलं, तर कुणी तोंड उघडेना. शेवटी एक काकू उठल्या. "मॅडम, माझा हा ब्लाउज जरा सैल करून द्याल का?" लाज म्हणून नाही!

आजी शांतपणे स्टेजवरून खाली आल्या. काकूंच्या बाहीच्या शिवणीवरून त्यांनी बोट फिरवलं. "टाके वाकडे आहेत," त्या म्हणाल्या. मग अख्ख्या हॉलकडे बघून विचारलं, "तुमच्यापैकी कुणी चंद्रावर जाणार आहे का?"

दोन-चार माना नकारार्थी हलल्या.

"मग चालेल."