आठ मुठी मीठ

आमच्या परसातलं लिंबाचं झाड सासूबाईंनी लावलेलं. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. अक्कलकोट रोडला घर बांधलं तेव्हा आत्यांनी माहेरच्या गावाहून ते रोप मांडीवर घेऊन आणलं होतं. लोणचं त्याच झाडाच्या लिंबांचं, आणि मीठ फक्त आत्यांच्या हातचं. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण माझं काम फोडी करणं आणि बरण्या उन्हात वाळवणं एवढंच.

पन्नास लिंबांना आठ मुठी, हे त्यांचं माप. मुठी त्या कानडीत मोजतात, "वंदु, एरडु, मूरु..." आणि "येंटु" म्हणून आठवी मूठ पडली की हात झटकतात. चाखून बघायची सोय नाही. महिन्यानं बरणी उघडली की पहिला चमचा देवाला, तोवर कुणी जिभेला लावायचं नाही.

गेल्या वर्षी लोणचं घातलं त्या दिवशी सकाळीच आमचं वाजलं होतं. आत्यांनी दूध गॅसवर ठेवलं आणि विसरल्या. पातेलं करपलं. महिन्यातली तिसरी वेळ होती. मी नवऱ्यासमोर, मुलीसमोर ताडकन बोलले, "आत्या, तुम्ही आता गॅसला हात लावू नका." माझी जीभ अशीच आहे. त्यांनी त्या दिवशी न्याहारी केली नाही.

दुपारी परातीत आठ मुठी पडल्या. तेवढ्यात त्यांच्या बहिणीचा फोन आला. घरात रेंज नसते, म्हणून त्या मागच्या पायरीवर जाऊन बोलल्या. परत आल्या, पदराला हात पुसले, मिठाच्या डब्यात हात घातला आणि म्हणाल्या, "वंदु."

मी बघत होते. सकाळी एवढं बोलून बसले होते, आता पुन्हा चूक काढायची? आणि खरं सांगते, पडू दे मीठ, कळू दे एकदा, असंही मनात आलं. त्याची आजही लाज वाटते. येंटुपर्यंत त्यांनी पुन्हा मोजलं आणि हात झटकले.

महिनाभर आत्या तीन बरण्या रोज उन्हात ठेवायच्या, हलवायच्या. दोन बरण्या माझ्या नणंदांना जायच्या होत्या. "माझ्या हाताची चव बघून पोरींना माहेर आठवतंय," असं त्या म्हणायच्या, आणि मी काहीतरी काम काढून तिथून उठायची.

महिना भरला त्या सोमवारी बरणी उघडली. देवाला दाखवून झाल्यावर नवऱ्यानं पहिली फोड तोंडात टाकली आणि तांब्याच उचलला. मुलगी म्हणाली, "आज्जी, नुसतं मीठच आहे की!" आत्यांनी स्वतः फोड चाखली. मग त्या ताटाकडंच बघत बसल्या. आधी दूध, आता हे.

मला राहवलं नाही. म्हटलं, "माझंच चुकलं. तुम्ही फोनवर होता, मला वाटलं मीठ राहिलंय, म्हणून मीच घातलं."

मग काय विचारता! "एकवीस वर्षं झाली, अजून विचारायची अक्कल न्हाय तुला! कुणी सांगितलं हुतं हात घालायला?" आत्या जेवण होईस्तोवर बोलत होत्या. नवराही जाता जाता चार शब्द सुनावून गेला. मी खाली मान घालून ऐकलं. इतकी बोलणी मी कधी सुखानं खाल्ली नव्हती.

संध्याकाळी त्या झाडाखाली गेल्या आणि ओटीत लिंबं घेऊन आल्या. "बिनमिठाच्या फोडी घालू, म्हंजी उतरंल खारटपणा," म्हणाल्या. मी विळी घेऊन बसले. दहाबारा लिंबं चिरून झाली. मग त्यांनी माझा हात धरला, मूठ मिटवली आणि तिच्याशेजारी आपली मूठ ठेवली. माझी जवळजवळ निम्मीच होती.

"एवढुशी मूठ तुझी," त्या म्हणाल्या. "हिनं एवढं खारट हुतंय व्हय?"

माझे डोळे भरून आले.

"पुढल्या वर्षी मीठ मीच घालणार. तू हितंच बसायचं. मी परत वंदु म्हटलं, की माझा हात धरायचा."

"तुम्ही चिडाल, आत्या."

"चिडंन की," त्या म्हणाल्या. "तरी धर."