पांढऱ्या कपड्यातला साहेब

नवापूरच्या अलीकडे हायवेवर गाडीची काच खाली केली, की कोंबड्यांच्या शेडचा तो उबट, खाद्य आणि विष्ठा मिसळलेला वास आत येतो. लोक नाक दाबतात. मला मात्र त्यात भिजलेल्या चुन्याचा वास येतो, जो आता तिथे नसतो. बर्ड फ्लूच्या साथीच्या वर्षी मारलेल्या कोंबड्या खड्ड्यांत टाकून वर चुना पसरायचे. त्या खड्ड्यांवर माझ्या मित्राने सिनेमा काढला.

तो थिएटरातून दोन दिवसांत उतरवला गेला. शेडवाले म्हणाले, जिल्ह्याची बदनामी केली. जाणकार म्हणाले, खऱ्या दुःखावर कॅमेरा लावला. आता शहाद्यापासून सुरतेपर्यंतची कॉलेजची पोरं तो फोनवर एकमेकांना पाठवतात, संवाद पाठ म्हणून दाखवतात. मित्र मात्र अजून ब्राह्मणपुरीकडच्या आपल्या शेतात फुरंगटून बसलेला. थिएटरवाल्याने दगा दिला, महोत्सववाल्यांनी डबा न उघडता परत केला, ही त्याची जपमाळ. परवा फोनवर म्हणाला, "मन्हा पिच्चर दाबी टाका त्यास्नी. तू तठे व्हता. तू लिख." मी पुन्हा पाहिला आणि खरं सांगतो, हेवा वाटावा इतका चांगला आहे. त्याच्यावर अन्याय झाला, हेही खरं.

सगळे बोलतात ते एकाच दृश्याबद्दल. झोपडीच्या दारात एक बाई, डालग्याखाली लपवलेल्या चार गावठी कोंबड्या, समोर डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यात झाकलेला माणूस. "साहेब, या घरच्या. राहू द्याल?" ती विचारते. तो मान हलवतो. ती विश्वासाने डालगं उचलते. सत्तेला चेहराच दिला नाही, काय दिग्दर्शन, असं पोरं लिहितात. बाईला आठ दिवस शिकवलं होतं, असं मित्र आजवर सांगत आला. सिनेमातही तिचं नाव नटी म्हणूनच झळकतं.

तिला कोणी काही शिकवलं नव्हतं. तिच्या आदिवासी पाड्यात शिरता यावं म्हणून आम्हीही सरकारी पथकासारखे पांढरे कपडे चढवले होते, आणि दारात पुढे उभा होतो तो मी. मी साहेब नाही, माझ्या हातात काही नाही, हे सांगायला तोंड उघडणार तोच मागून कॅमेऱ्याआडून मित्र पुटपुटला, "बोलू नको. नुसती मान हालाव." मी हलवली. मागोमाग खरं पथक आलं. उघड्यावरच्या कोंबड्या बघून त्यांनी पाड्यातलं घर न् घर धुंडाळून सगळ्या कोंबड्या मारल्या. पुढे सिनेमा आला, आणि हिने नाटकापायी सगळ्यांच्या कोंबड्या दाखवून दिल्या, असं पाड्याने ठरवून टाकलं. तेव्हापासून तिला कोणी लग्नाला बोलावत नाही की मयतीला. हे मला कधीचं ठाऊक आहे, आणि मी गप्प राहिलो याची लाज वाटते.

लिहिण्याआधी तिच्याकडे गेलो. वाट विचारताच हापशावरच्या बायका बोलायच्या थांबल्या. एकीने नुसता हात केला. शेवटच्या घरापुढचं अंगण स्वच्छ झाडलेलं होतं, पण त्यात एकही कोंबडी नव्हती. तिने मला ओळखलं नाही. सिनेमाही तिने कधी पाहिला नव्हता. मी फोनवर ते दृश्य दाखवलं. तिने फोन डोळ्यांजवळ नेला आणि पांढऱ्या आकृतीवर बोट ठेवलं.

"हा साहेब चांगला होता," अडखळत्या मराठीत ती म्हणाली. "याने हो म्हटलं. नंतर आले ते वाईट."

मी फोन परत घेतला.

"तुम्हाला भेटला तर सांगा," ती म्हणाली. "पाड्यात येऊन एकदा सांगून जा म्हणावं. मी नाटक केलं नाही."

"सांगतो," मी म्हणालो, आणि उतार उतरून गाडीत येऊन बसलो. वर्षं सरली की आपली चूक झिजते, अशी माझी समजूत होती. तिच्यापाशी ती कुणा परक्याचा चांगुलपणा होऊन टिकली आहे. मित्राला हवा होता तो लेख हा नव्हे. आणि त्या पाड्यात कोणीही मराठी लेख वाचत नाही, हे लिहिताना मला पुरतं ठाऊक आहे.